इस्मतने सांगितलेला व्यत्यय

कोळंबी अर्धीच सोलून झाली होती. मुनीबच्या अब्बांनी सकाळी कतीफच्या बाजारातून आणली, फ्रीजमध्ये टाकली आणि दुपारच्या शिफ्टला अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर निघून गेले. प्लांटमधून परत येईपर्यंत कालवण तयार असावं, एवढंच सांगून गेले. मी अस्रची, दुपारनंतरची नमाज आटोपून सिंकपाशी स्टूल ओढलं, मांडीवर पातेलं घेतलं आणि फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून रेडिओ लावला. जेद्दाहून मॅच होती.

मुनीब मापारी, माझा मुलगा. इथे सौदीत, खोबरमध्ये ‘शमाल’ नावाची आइस हॉकीची टीम आहे, तिचा तो गोलकीपर. लहानपणी मॉलमधल्या बर्फावर घसरायला जायचा, आता क्लबने पगारावर घेतलाय. या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात, आणि ती बंदुकीतून सुटल्यासारखी माझ्या पोराच्या अंगावर येते. मी मॅच समोर बसून एकदाच पाहिली. पहिला पक सुटला तसे डोळे मिटले आणि कुराणातली आयतुल कुर्सी पढत राहिले ती शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर मुनीब म्हणाला, “अम्मी, यू केम टू स्लीप?”

तेव्हापासून मी फक्त ऐकते. क्लबचा फोनवरचा रेडिओ आहे, हिंदीतून मॅच सांगतात. ट्रक चालवणारे, जुबैलच्या कॅम्पातले वेल्डर, हॉस्पिटलातल्या नर्सा, सगळे ऐकतात. आणि सांगते ती इस्मत. इस्मत फणसोपकर, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. तिने “मापारी ने रोक लिया” म्हटलं की माझा अडकलेला श्वास सुटतो. हातात कोळंबी असो की तसबीहची माळ, ते चार शब्द ऐकल्याशिवाय पुढचं बोट हलत नाही.

जेद्दाची मॅच असली तरी इस्मत जेद्दाला नव्हती. टीम विमानाने जाते. सांगणारे दोघे खोबरच्या क्लबातल्या एका लहान खोलीत पडद्यासमोर बसतात आणि पडद्यावर बघून असं सांगतात जणू बर्फाच्या कडेला उभे आहेत. ऐकणाऱ्यांना हे माहीत नसतं. मला इस्मतने सांगितलं होतं, म्हणून माहीत.

दुसरा उल्हास. पुण्याचा, बँकेत कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी इथे बोलतो. इस्मत खेळ सांगते आणि मधल्या फटीत उल्हास किस्से, कोण कुठला, कोणाचं लग्न ठरलंय. बोलायला गोड माणूस आहे. खोटं कशाला बोलू, मला त्याचे किस्से आवडायचे.

शेवटचा पिरियड चालू होता. आपली टीम एका गोलने पुढे. इस्मत म्हणाली, “पक फिर मापारी की तरफ़...” आणि थांबली. मी कोळंबीचं डोकं मोडता मोडता थांबले.

मग उल्हासचा आवाज आला. “खेल रुका है दोस्तो. मापारी के पैड का पट्टा खुल गया लगता है.”

पट्टा ना, ठीक आहे, म्हणून मी पुढची कोळंबी घेतली.

“पट्टा नहीं, शायद घुटना है.”

मी पातेलं खाली ठेवलं.

“डॉक्टर साहब बर्फ़ पर आ रहे हैं, धीरे-धीरे. फिसलन है भाई, डॉक्टर भी गिर जाएगा तो उसे कौन देखेगा?” आणि तो हसला. “मापारी लेटे हुए हैं. साथी खिलाड़ी उन्हें घेरे खड़े हैं.”

माझ्या हाताला कोळंबीचं पाणी, साली, चिकट. फोन उचलला तर बोट लागेना. पुसलं, पुन्हा लागेना. मुनीबच्या अब्बांना लावू तर प्लांटच्या आत फोन नेऊ देत नाहीत. मुनीबला लावू तर तो बर्फावर आडवा. मी नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होते आणि तोंडाने “या अल्लाह, या सलाम” चाललेलं. उल्हास आता स्ट्रेचरपर्यंत आला होता.

तेवढ्यात इस्मत बोलली. आणि मराठीत बोलली! “व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.”

मग हिंदीतून, अगदी सावकाश: “जेद्दा से तस्वीर आना बंद है. काफ़ी देर से बंद है. मापारी के गिरने की जो बात हुई, वो हमने देखी नहीं. वो ठीक हैं या नहीं, ये भी मैं नहीं बता सकती. जो दिखता नहीं, वो मैं कैसे बताऊँ?”

आज हे लिहिताना मला तिचं मोल कळतंय. पण त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की मी फोनवर ओरडले, “अगं, ठीक आहे म्हण ना! तेवढं म्हणायला काय जातं तुझं?” आधी निदान गुडघा होता, डॉक्टर होता. आता काहीच नव्हतं. रेडिओवर नुसती खरखर, आणि मागे उल्हासचा दबलेला आवाज, “मॅडम, अहो माइक चालू आहे, काय करताय!”

मग फोनची रिंग ऐकू आली. इस्मतने माइकसमोरच शंकरला फोन लावला होता. शंकर देवरुखचा, टीमचं सामान सांभाळतो, पोरांच्या बुटांची पाती घासून देतो. तो तिकडे जेद्दाला, खेळाडूंच्या बाकामागे उभा.

“शंकर, इस्मत बोलतेय. मुनीब कसा आहे?”

“कसा म्हंजे? उभा हाय की.”

“पडला होता का?”

“कोण पडला? कोणी नाय पडला! अवो बाई, आत्ताच त्यान पेनल्टी शॉट अडवलान. एकटा माणूस समोरून आला, आख्खा हॉल उभा, आणि डाव्या पायान असा अडवलान म्हणता! तुमी काय सांगताव तिकडं?”

हे सगळं जसंच्या तसं रेडिओवर गेलं. खोबर, जुबैल, यान्बू, सगळीकडे. मी स्टुलावर बसले आणि शुक्र अदा केला. उरलेली कोळंबी तशीच, अर्धी सोललेली, अर्धी साल असलेली, डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकली. त्या रात्री मुनीबच्या अब्बांनी डाळभात खाल्ला.

आता ही इस्मत कोण ते लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ती रत्नागिरीची, राजिवड्याची. वडिलांची होडी होती. घरात मुली शिकत नव्हत्या, ही शिकली आणि कोणाला न सांगता आकाशवाणीच्या आवाजाच्या परीक्षेला जाऊन बसली. निवड झाली ती नैमित्तिक उद्घोषक म्हणून. नैमित्तिक म्हणजे महिन्यातून काही दिवस बोलावतील तेव्हा जायचं, न बोलावलं तर घरी. तिथे श्यामलाबाई म्हणून एक ज्येष्ठ उद्घोषक होत्या, त्यांनी हिला घडवलं. पहाटे मच्छिमारांसाठी हवामान वाचायचं काम हिच्याकडे. श्यामलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “पत्रक आलं तर वाचायचं. नाही आलं, तर आलं नाही म्हणायचं. कालचं वाचायचं नाही आणि खिडकीतून बघून तर मुळीच सांगायचं नाही. तुझ्या शब्दावर होडी सुटते.” इस्मतचे अब्बा, काका, सगळे तेच ऐकून समुद्रात जायचे. तिला वेगळं समजवायची गरज नव्हती.

सात-आठ वर्षं ती नैमित्तिकच राहिली. मग एजाजशी लग्न झालं आणि खोबरला आली. एजाज मॉलमध्ये एसीच्या देखभालीवर सुपरवायझर. इथे आल्यावर हिचा आवाज बंद. घर, मुलगी, बिल्डिंगमधल्या आम्ही बायका. कधी कुराणखानीला एकत्र जमलो की ही दुवा वाचायची, आणि सगळ्या जणी एकमेकींकडे बघायच्या. असा स्वच्छ आवाज, एक अक्षर गिळायची नाही.

मुलगी लाइबा मॉलच्या बर्फावर शिकायला जाऊ लागली, तेव्हा ही कठड्याला टेकून बसायची. एक दिवस मुलांची स्पर्धा होती, माइकवाला आला नाही. कोणीतरी हिच्या हातात माइक दिला, हरवलेल्या मुलांची नावं सांगण्यापुरता. हिने नावं सांगितली आणि मग खेळही सांगायला सुरुवात केली. हॉकीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढच्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी वरच्या बाकावर बसून मोबाईलमध्ये बोलायची, घरी येऊन ऐकायची, पुन्हा बोलायची. लोक तिला वेडी समजायचे. खेळाडूंचे नंबर पाठ करायला तिने राजिवड्याची घरं वापरली. बावीस नंबर म्हणजे खलील नाखव्याचं घर, सतरा म्हणजे मशिदीशेजारचं. पक घरोघर फिरतोय असं डोळ्यांसमोर आणलं की नाव आपोआप जिभेवर येतं म्हणते. आणि तिची उदाहरणं! “पक ऐसा छूटा जैसे हाथ से बांगडा.” पंजाबी ट्रकवाल्यांनी बांगडा काय असतो ते विचारायला क्लबला फोन केले होते.

तर असं करत ती शमालचा आवाज झाली. पण कागदावर ती कोणीच नव्हती. एजाजच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, अवलंबून असलेली बायको, एवढंच. आणि यंदा मॉलने एसीची कंपनी बदलली, एजाजचं काम गेलं, पुढच्या महिन्यात त्याला कायमचं परत जायचंय. तो गेला की इस्मतचा आणि लाइबाचाही इकामा संपतो. लाइबा बारावीला आहे. मधेच शाळा सोडून रत्नागिरीला जाऊन काय करणार पोरगी?

क्लबची मीडिया सांभाळणारी उमामा म्हणून एक सौदी बाई आहे, तिशीतली, हुशार. तिने इस्मतला शब्द दिला होता, सीझन नीट पार पाड, तुझा इकामा क्लबच्या नावाने करू. कायमची नोकरी. इस्मत मला म्हणाली होती, “भाभी, उभ्या जन्मात मला कोणी कायम म्हटलं नाही.” सही व्हायची तेवढी बाकी होती, आणि नेमकं जेद्दाचं चित्र बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन हर्णेहून, माझ्या सासूबाईंचा. शरफुन्निसा त्यांचं नाव. वय झालंय, पण नातवाची मॅच चुकवत नाहीत. हिंदी अर्धं कळतं, मापारी हे नाव पूर्ण कळतं.

“मुनीबचा पाय कसा आहे?”

“काही झालं नाही अम्मीजान. तो पडलाच नव्हता.”

“मला लपवू नको. मी ऐकलं. लेटे हुए हैं म्हणाला. मी फोन बंद केला आणि नमाजीला बसले. सकाळी बकरा कापून सदका दिला, सगळं मटण गरिबांत वाटलं. एक बोटी घरात ठेवली नाही.”

“अहो, पण खरंच पडला नव्हता. त्या माणसाला काही दिसत नव्हतं, त्याने मनाने सांगितलं. तुम्ही फोन बंद केल्यावर इस्मतने खरं सांगितलं.”

सासूबाई म्हणाल्या, “तेच तर. सदका कबूल झाला. अल्लाने पडू दिलं नाही.”

मी “आमीन” म्हटलं.

दुसरा फोन उल्हासचा. “काकू, माफ करा. आमच्या धंद्यात गप्प बसणं चालत नाही हो. आणि या खेळात गोलकीपर सोडून कोणासाठी खेळ फार वेळ थांबत नाही, म्हणून मी गोलकीपरला खाली बसवला. चित्र आलं की उठवणारच होतो.”

“आणि आलं नसतं तर?”

“ते... तेच होत होतं.”

“स्ट्रेचरवरून कुठे नेणार होतास माझ्या मुलाला?”

“काकू, खरंच चुकलं.” पण लगेच पुढे, “मात्र इस्मतताईंनी असं सगळ्यांसमोर करायला नको होतं. माझं नाक कापलं. आता मी त्यांच्याबरोबर बसणार नाही.”

आणि मुनीब स्वतः? तो जेद्दाहून आला तो फुगून बसला. “अम्मी, बेस्ट सेव्ह ऑफ माय लाइफ! और रेडिओ पे मैं स्ट्रेचर पे था!” म्हणाला आणि बॅग आपटून झोपायला गेला. मी त्याच्या डाव्या पायाला दोनदा हात लावून पाहिला, झोपेत लाथ मारली तेव्हा समाधान झालं.

इस्मत आली ती बेल न वाजवता, दार ढकलून. डोक्यावर ओढणी कशीतरी घेतलेली, हातात घडी घातलेला कागद. बसायला सांगितलं तर बसेना. गॅसपाशी गेली, खिडकीपाशी गेली, फ्रीज उघडून पाणी घेतलं आणि डबा दिसला.

“ही कालचीच?”

“तूच अर्धवट ठेवायला लावलीस.”

“आणा इकडे. हात रिकामे असले की मला वेड लागेल.”

दोघी खाली बसलो, मधे पातेलं. ती कोळंबी अशी सोलते की साल अख्खीच्या अख्खी निघते, राजिवड्याचा हात. सोलता सोलता तिने सांगितलं. रेडिओला एक दुधाची कंपनी जाहिरात देते. त्यांचा माणूस रागावला. आमचं नाव ज्यावर चालतं त्या रेडिओला दिसतच नाही, असं लोक हसतायत म्हणाला. उमामाने कागद दिलाय. उद्याच्या कार्यक्रमात वाचायचा.

“काय आहे त्यात?”

“दोन ओळी. मापारीला थोडी दुखापत झाली होती, चित्रात किंचित अडथळा होता, खेळाचं वर्णन बरोबर होतं.”

“दुखापत झाली होती?”

“वाचलं तर इकाम्यावर सही. असं ती बोलली नाही, पण कागद आणि फॉर्म एकाच फाइलमध्ये ठेवून दाखवले.”

मी पातेलं तिच्याकडे सरकवलं. ती बोलत राहिली.

“एजाज म्हणतो, वाच आणि मोकळी हो, कोणाचं काय बिघडतं? लाइबा म्हणते, मम्मा, इट्स जस्ट टू लाइन्स. खरंच आहे. होडी काही सुटणार नाही या दोन ओळींवर.” कोळंबी पातेल्यात टाकली, पुन्हा तीच उचलून बघितली, पाठीतला काळा दोरा राहिला होता तो काढला. “रात्रभर मी त्या दोन ओळी मनात वाचून बघितल्या भाभी. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचतच नाही. आवाजच निघत नाही. उद्या माइकवर नाही निघाला तर? तोही व्यत्ययच.”

“दुवा कर. इस्तिखारा कर, नमाज पढून झोप, स्वप्नात कौल मिळेल.”

“केला. झोपच लागली नाही तर स्वप्न कुठून पडणार?”

मला हसू आलं, तिलाही. मग पुन्हा उठली, हात तसेच ओले पुढे धरून खिडकीपर्यंत गेली. खाली पार्किंगमध्ये काही नव्हतं.

फोन वाजला. ओट्यावर तिचाच. उमामा.

“भाभी, माझे हात...”

माझेही तेच. मी कोपराने बटण दाबलं, तर आवाज मोठ्याने सुरू झाला. उमामा इंग्रजीत बोलते, मधे अरबी. मला बहुतेक कळतं, इतकी वर्षं काढली इथे.

“सिस्टर इस्मत, कागद वाचलास?”

“वाचला. पण रेडिओवर वाचता येणार नाही.”

“हे बघ, मी वाईट बाई नाही. मलाही वर उत्तर द्यायचं असतं. कोणाचं नुकसान आहे यात? खेळाडू बरा आहे, सगळे बरे आहेत. दोन ओळी, खलास.”

इस्मतने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी, आणि हात कोळंबीचे, पुसताही येईना. मग मला राहवलं नाही. मी मोडक्या अरबी-इंग्रजीत सुरू केलं.

“मी मापारीची आई बोलतेय. माझ्या सासूने इंडियात बकरा कापला.”

“काय?”

“सदका. मुनीब पडला असं तुमच्या रेडिओवर ऐकलं म्हणून. म्हातारी आहे, एकटी. सगळं मटण गरिबांना वाटलं. आज सकाळी मी सांगितलं, पडला नव्हता. ती म्हणाली, अल्लाने वाचवला. आता तुम्ही उद्या सांगणार, पडला होता, लागलं होतं. ती पुन्हा ऐकणार. मी तिला काय सांगू? तिचा सदका कबूल झाला की नाही झाला?”

मला वाटलं लाइन गेली. इस्मत माझ्याकडे बघत होती, जणू मीच बकरा कापलाय.

“खरंच कापला?” उमामाने विचारलं. “आमच्या मापारीसाठी?”

“वल्लाह.”

“माझी आजीही हेच करते,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. “मी विमानात बसले की करते. उतरल्यावर मी फोन करेपर्यंत मटण वाटूनही झालेलं असतं.” मग एक उसासा. “खलास. कागद फाडून टाक, इस्मत. माझ्या तोंडून निघालंच नाही समज. पण इकाम्याचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. वर मीटिंग आहे. दुपारी कळवते.”

फोन बंद झाला. इस्मत म्हणाली, “बकऱ्याने वाचवलं.”

“अजून कुठे वाचवलंय?” मी म्हटलं. आणि खरंच, त्यानंतरची दुपार जाता जाईना.

कोळंबी सोलून संपली. मी कांदा चिरला, तिने खोबरं वाटलं. कोकम जास्त पडलं तिच्या हातून, लक्ष कुठे होतं? दुपारची, जुहरची अजान झाली, दोघींनी नमाज पढली. ती सलाम फेरून नमाज संपल्यावरही बसून राहिली, मग अचानक उठली आणि घरी गेली, परत आली, फोन घरी विसरलाय का म्हणून बघायला गेली होती, फोन तिच्या हातातच होता. एजाजने वरून निरोप पाठवला, सामानाचे खोके आणू की थांबू? तिने उत्तर दिलं नाही. लाइबा शाळेतून थेट आमच्याकडे आली, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता जेवायला बसली. “आंटी, इट्स टू खट्टा,” एवढंच म्हणाली.

उमामाचा फोन अस्रच्या थोडा आधी आला. या वेळी इस्मतने कानाला लावला आणि आतल्या खोलीत गेली. मी दाराबाहेर तसबीह घेऊन उभी. आतून नुसतं “येस... येस... अलोन? ... येस.”

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय झालं? बोल की!”

“पडद्यावर बघून सांगणं बंद. दूधवाल्यांनीच अट घातली. जिथे मॅच, तिथे जाऊन सांगायचं. टीमबरोबर जेद्दाला, रियाधला.”

“मग?”

“उल्हासला बँकेतून रजा मिळत नाही. आणि तो म्हणाला, मी असले तर तो बसणारच नाही. म्हणून मी. एकटी.” ती भिंतीला टेकली. “भाभी, म्हणजे खरं बोलले म्हणून नाही हां. त्याला रजा मिळत नाही म्हणून.”

“अगं, पण इकामा?”

“होणार. माझ्या नावाने. लाइबाचा माझ्या इकाम्याला जोडायला बघते म्हणाली, तिची परीक्षा होईपर्यंत तरी. सरकारी यादीत रेडिओ उद्घोषक असा हुद्दा निघाला, तोच लावणार.” आणि मग तिला रडू आलं, अगदी लहान मुलासारखं. लाइबा हात न धुता उठून आली आणि आईच्या गळ्यात पडली.

मी शुक्रान्याची नमाज पढले. पण मन काही ठिकाणावर येत नव्हतं. एजाज बिचारा पुढच्या महिन्यात एकटाच जाणार. वर तो खोक्यांची वाट बघत बसलाय, त्याला अजून कोणी सांगितलंही नव्हतं. इस्मत जेद्दाला जाईल त्या दिवसांत लाइबा माझ्याकडे झोपणार, हे न बोलताच ठरलं. आणि इस्मत रडून झाल्यावर पुन्हा फेऱ्या मारू लागली.

“तीन पिरियड एकटीने, भाभी. मधे पाणी कधी पिऊ? किस्से कोण सांगेल? मला तर एक विनोद येत नाही.”

“नको सांगू विनोद. दिसेल ते सांग.”

“आणि तुमच्या मुलाला खरंच लागलं, आणि ते मला दिसलं, तर? तेव्हाही सांगावं लागेल.”

मी तसबीहचे मणी पुढे सरकवले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “सांग. पण आधी त्याचा हात हलतोय का, पाय हलतोय का, ते सांग. बाकीचं नंतर.”

तिने मान हलवली. डोक्यात टिपून घेतलं असणार. राजिवड्याच्या कुठल्यातरी घराशेजारी ठेवलं असणार.

जिन्याने वर जाताना ती मधेच थांबली आणि खाली वाकून ओरडली, “भाभी, रात्री मला काही खायला पाठवू नका!”

“का गं? कालवण आहे की!”

“उद्या सकाळी उपाशीपोटी इकाम्याच्या मेडिकलला जायचंय. रक्त तपासायला.”